सड्यावरचा वारा

फेब्रुवारी-मार्चमधला एखादा शनिवार असा उजाडतो, की पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईहून रात्रीच्या बसने आलेली काही मंडळी सकाळपासून समुद्राकडे नजर लावून बसलेली असतात. पोहायला ती आलेली नसतात. प्रत्येकाजवळ पंधरा-वीस किलोंची अवजड पिशवी असते आणि तिच्यात घडी घातलेलं पॅराग्लायडर, हार्नेस, हेल्मेट, राखीव पॅराशूट. दहापर्यंत समुद्राकडून वाऱ्याचं नाव नसतं. अकरा-साडेअकराला पहिली झुळूक येते, एकच्या सुमारास उडण्याजोगा वारा सुटतो आणि अडीचपर्यंत तो इतका चढतो की डोंगरावरचं वाळकं गवत आडवं होतं. हातात धरायच्या छोट्या वेगमापकाकडे एकेक जण बघतो आणि मान हलवतो. पिशव्या उघडल्याच जात नाहीत. “पाचनंतर उतरेल,” असं कोणीतरी म्हणतं आणि सगळे सावली शोधतात.

हौसेने उडणाऱ्यांच्या आयुष्यात असे शनिवार-रविवार पुष्कळ येतात. वारा नसेल तर उडता येत नाही आणि वारा जास्त असेल तरी उडता येत नाही. या दोहोंमधली जी अरुंद पट्टी आहे, तिच्यात हरमल आणि शेजारच्या केरीचं सगळं उड्डाण सामावलेलं आहे. ही पट्टी कशाने ठरते आणि ती ओलांडली की काय होतं, हे नीट कळलं तर गोव्याच्या उत्तर टोकाचा हा डोंगर किती मोलाचा आहे आणि त्याच्याशी किती जपून वागायला हवं, तेही कळतं.

सुरुवात जमिनीपासून. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या सपाट पठाराला सडा म्हणतात. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि वर एक कडक, तांबडं, भोकाभोकांचं कवच तयार झालं. पावसाळ्यात त्यावर गवत आणि इवली फुलं येतात. उरलेले महिने तो उघडाबोडका, तापलेला असतो. शेतीला फारसा कामाचा नाही, पण उंच, मोकळा आणि सपाट. म्हणूनच या पट्ट्यातले विमानतळ सड्यांवर आले. पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात दाबोळीला विमानतळ बांधला तो मुरगावच्या पठारावर. सिंधुदुर्गात परुळ्याजवळचा चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तोही सड्यावर. आणि पेडण्यातलं मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. ज्या सड्यावर ही धावपट्टी आहे, तिथून वीस किलोमीटरही नाही एवढ्या अंतरावर तसलाच जांभ्याचा एक डोंगर हरमल आणि केरीच्या मधे थेट समुद्रात उतरतो. तिथे धावपट्टी नाही, मनोरा नाही, दिवे नाहीत. पण तोही एक विमानतळच आहे, आणि तिथे कधी उडायचं हे सर्वस्वी वारा ठरवतो.

हा वारा शाळेच्या भूगोलातला खारा वारा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड, जड हवा तिची जागा घ्यायला किनाऱ्याकडे येते. रात्री उलट होतं. जमीन लवकर निवते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून हरमलला हिवाळ्याच्या सकाळी वारा पाठीमागून, पूर्वेकडून येतो. तो वारा पॅराग्लायडरच्या काहीच कामाचा नाही. उलट तो असताना कड्यावरून उडणं धोक्याचं. सकाळच्या शांततेत “वारा नाही, चला उडू” असं नवख्याला वाटतं आणि जाणता पायलट बसून राहतो, त्याचं कारण हे. पूर्वेचा वारा पडतो, काही काळ सगळं स्तब्ध होतं आणि मग पश्चिमेकडून समुद्राच्या पाण्यावर गडद सुरकुत्या किनाऱ्याकडे सरकताना दिसतात, तेव्हा कुठे दिवस सुरू होतो.

गोव्यात या खाऱ्या वाऱ्याचा अभ्यास चांगला झाला आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १ ते १५ एप्रिल १९९७ या पंधरवड्यात गोव्याच्या किनाऱ्यासमोर, २३ मीटर खोल पाण्यात, लाटा मोजणारा तरंगता बोया सोडला होता. दूरवरून येणाऱ्या लांब, संथ लाटा एका बाजूला आणि खाऱ्या वाऱ्याने रोज दुपारी उठवलेल्या आखूड लाटा दुसऱ्या बाजूला, अशा दोन जाती त्या नोंदींत स्वच्छ वेगळ्या दिसल्या. दुपारच्या या लाटा साधारण दर चार सेकंदांना एक अशा येतात. वारा पडला की त्याही विरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे एक पावसाळा संपल्यापासून दुसरा लागेपर्यंत, किनारपट्टीच्या हवेवर सत्ता असते ती या रोजच्या चक्राची. हाच नेमका पॅराग्लायडिंगचा हंगाम.

आता वारा कड्याला येऊन भिडला की काय होतं ते पाहू. समोरून येणाऱ्या हवेला डोंगरातून पार जाता येत नाही. ओढ्याचं पाणी बंधाऱ्याला थडकून वर चढावं, तशी ती कड्याच्या तोंडावरून वर सरकते. कड्याच्या पुढे आणि थोडा वर असा हवेचा एक चढता पट्टा तयार होतो. त्यात राहिलं तर खाली येण्याचं कारणच उरत नाही.

हिशेब साधा आहे. शांत हवेत पॅराग्लायडर ताशी सदतीस किलोमीटरच्या आसपास पुढे जातं आणि त्याच वेळी सेकंदाला सुमारे १.१ मीटर खाली उतरत असतं. साठ मीटर उंचीवरून उडालात तर मिनिटभरात पाय वाळूला टेकतात. पण समोरून ताशी बावीस किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला सहा मीटरचा वारा असेल आणि कड्याने त्याचा पाचवा हिस्सा जरी वर वळवला, तरी सेकंदाला १.२ मीटरचा चढ मिळतो. उतरणं १.१, चढणं १.२. बस, एवढ्याशा फरकावर माणूस तासन्‌तास तरंगत राहतो. इंजिन नाही, इंधन नाही.

या तरंगण्याचं व्याकरणही ठरलेलं आहे. चढता पट्टा कड्याला समांतर असतो, म्हणून पायलट कड्याच्या कडेकडेने जातो आणि टोकाला वळून परत येतो. वळताना तोंड नेहमी समुद्राकडे, डोंगराकडे कधीही नाही. कारण वारा पाठीशी घेऊन डोंगराकडे वळलं की जमिनीसापेक्ष वेग एकदम वाढतो आणि कडा अंगावर येतो. दोन पायलट समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट मिळते, दुसऱ्याने समुद्राकडे सरायचं. आकाशात पांढरे पट्टे रंगवलेले नसतात, पण जगातल्या प्रत्येक कड्यावर हा नियम लागू असतो. एखाद्या चांगल्या रविवारी संध्याकाळी हरमलच्या कड्यावर एकाच वेळी अनेक विंगा, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, ये-जा करत असतात, त्या एकमेकींना खेटत नाहीत त्या याच नियमामुळे.

ही विद्या पॅराग्लायडरपेक्षा कितीतरी जुनी आहे. इंजिनाचं विमान उडवून आठ वर्षं झाल्यावर ऑर्व्हिल राइट पुन्हा नॉर्थ कॅरोलिनातल्या किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकड्यांकडे गेला, तो बिनइंजिनाचं ग्लायडर घेऊन. तिथे अटलांटिकचा वारा टेकडीवर चढत होता. २४ ऑक्टोबर १९११ रोजी तो जोरदार वाऱ्यात ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला. हा विक्रम जवळजवळ दहा वर्षं टिकला. पुढे जर्मनीतल्या वासरकुप्पे या डोंगरावर विद्यार्थ्यांनी ऑगस्ट १९२२मध्ये तीन तासांचा पल्ला ओलांडला. उचलणारा कड्यावरचा वाराच होता. कापडाचं, सांगाडा नसलेलं पॅराग्लायडर यायला अजून अर्धं शतक होतं. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात हवा भरून फुगणाऱ्या कप्प्यांचं पॅराशूट काढलं आणि १९७८मध्ये आल्प्समधल्या एका फ्रेंच गावातल्या तिघा पॅराशूटवाल्यांनी, विमानाचं भाडं वाचवावं म्हणून, तसली पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून धावत उडी घेतली. आजचा सगळा पसारा तिथून सुरू झाला.

मग जास्त वाऱ्याचं भय का?

पहिलं कारण वेगाचं. पॅराग्लायडरची धाव ताशी सदतीस. पायाने स्पीडबार दाबला तर आणखी दहा-बारा मिळतात, पण त्या अवस्थेत विंग जास्त नाजूक होते. समोरचा वारा सदतीस झाला की पायलट जमिनीसापेक्ष जागीच उभा राहतो. वारा पंचेचाळीस झाला की तो मागे जाऊ लागतो, तोंड समुद्राकडे आणि प्रवास डोंगराकडे. मागे काय असतं? कड्याच्या माथ्यावर हवा दबून आणखी वेगाने जाते आणि माथा ओलांडला की तिचे भोवरे होतात. पायलट याला रोटर म्हणतात. तिथली हवा क्षणात खाली ढकलते, क्षणात आडवी येते. माथ्यावर सपाट, मोकळा सडा दिसतो म्हणून तिथे उतरणं सोपं वाटतं. जोराच्या वाऱ्यात तीच जागा सगळ्यांत वाईट.

दुसरं कारण दाबाचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वीसचा तीस झाला तर दाब दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. वीसचा चाळीस झाला तर चौपट. जमिनीवर विंग उघडताना हा हिशेब अंगावर उमटतो. जोराच्या वाऱ्यात पायलट वाऱ्याकडे पाठ करून, विंगेकडे तोंड करून उभा राहतो. पुढचे रायझर, म्हणजे विंगेच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, हलकेच ओढले की सव्वीस-सत्तावीस चौरस मीटरचं कापड सळसळत वर येतं. अर्ध्या वाटेवर, विंग साधारण पंचेचाळीस अंशांत असताना, तिची ओढ सर्वांत जास्त असते. त्या क्षणी पाय रोवून उभा राहणारा नवखा माणूस तोंडावर पडतो आणि फरफटतो. जाणता दोन-चार पावलं विंगेच्या दिशेने टाकतो, ओढ सैल करतो आणि ती डोक्यावर आली की वळून वाऱ्याला सामोरा होतो. विंग पाडायची वेळ आली तर तो ब्रेक ओढत नाही, मागचे रायझर ओढतो. ब्रेक ओढले तर ती आधी त्यालाच उचलते. ही दोन-चार पावलं आणि हा रायझर अंगवळणी पडायला कित्येक दुपारी सराव करावा लागतो.

तिसरं कारण झोताचं, आणि खरा घात तोच करतो. एकसारखा ताशी अठ्ठावीसचा वारा अनुभवी पायलटला चालतो. सरासरी बावीस आणि मधेच चौतीसचा झोत, हे मात्र वाईट. कारण विंगेला ना लाकूड ना ॲल्युमिनियम; पुढच्या कडेच्या तोंडांतून शिरलेल्या हवेच्या दाबावर तिचा आकार टिकतो. तो दाब किती? ताशी सदतीसच्या वेगाला जेमतेम पासष्ट पास्कल. म्हणजे ताटलीत साडेसहा मिलिमीटर पाणी ओतलं तर ते तळावर जेवढा दाब देईल तेवढा. एवढ्याशा दाबावर माणूस लटकलेला असतो. झोत वरून आला, विंगेचा हवेशी असलेला कोन बिघडला, की तिची एक बाजू मिटते. पायलट याला कोलॅप्स म्हणतात. उंचीवर असेल तर बहुतेक वेळा विंग आपोआप किंवा पायलटच्या हाताने पुन्हा उघडते. पण कड्यावरच्या उड्डाणात जमीन नेहमीच जवळ असते. हजार मीटरवर जी गोष्ट किरकोळ ठरली असती, ती चाळीस मीटरवर प्राणघातक होते.

हरमलला याशिवाय एक स्थानिक अडचण आहे, ती दिशेची. कड्याचं तोंड साधारण पश्चिमेकडे. खारा वारा सुरुवातीला पश्चिमेकडून येतो, पण दुपार कलत जाते तसा पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळत वायव्येचा होतो. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळातच उत्तर-वायव्येचा वारा चालू असतो. दोघं एकत्र आले की वेग वाढतो आणि दिशा तिरकी होते. वारा कड्याला पंचेचाळीस अंशांनी तिरपा लागला तर त्याचा सत्तर टक्केच भाग कड्यावर चढायला मिळतो, साठ अंशांनी लागला तर निम्माच. उरलेला कड्याला समांतर वाहतो आणि प्रत्येक घळीपाशी, प्रत्येक खडकाच्या नाकाडापाशी भोवरे करतो. म्हणजे वारा वाढला तरी उचल वाढत नाही, त्रास वाढतो. वादळी शनिवार-रविवारचं हे खरं रूप. आकड्याने पंचवीसच दिसतो, पण पायलट समुद्राकडे बघून म्हणतात, “नॉर्थ आहे, नको.”

या वायव्येच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या लाटांचं मूळ कधी कधी फार दूर असतं. इराणच्या आखातात आणि अरबस्तानावर हिवाळ्यात शमाल नावाचा जोरदार वायव्येचा वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी आणि गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येतात, हेही दोना पावलाच्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं आहे. आखातातलं वादळ केरीच्या वाळूवर लाटेच्या रूपाने पोचतं, ही गोष्ट कोणालाही थक्क करील अशीच आहे.

समुद्र वाचायला येणं म्हणूनच महत्त्वाचं. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५मध्ये वाऱ्याची जी पट्टी बसवली तिला अजून तोड नाही. तिसऱ्या पायरीला, ताशी बारा ते एकोणीस किलोमीटरला, लाटांचे माथे कुठे कुठे फुटून पांढरे दिसू लागतात. चौथ्या पायरीला, वीस ते अठ्ठावीसला, ते वरचेवर दिसतात आणि जमिनीवर धूळ उडते. पाचव्या पायरीला, एकोणतीस ते अडतीसला, समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो आणि लहान झाडं पूर्ण डोलू लागतात. हरमल-केरीचं उड्डाण तिसरी पायरी संपते तिथून चौथी संपेपर्यंतचं. पाचवीला पिशवी बंद. मासेमारीला जाणाऱ्या होड्यांनाही हेच गणित लागू, म्हणून किनाऱ्यावरच्या रापणकाराला (जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला) विचारलं तर तो वाऱ्याबद्दल मोबाइलवरच्या ॲपपेक्षा कमी सांगणार नाही.

मग अशा दिवशी लोक करतात काय? एक तर थांबतात. जगभरच्या पॅराग्लायडरवाल्यांत वाट पाहणं हा खेळाचाच भाग मानला जातो. दुसरं म्हणजे ग्राउंड हँडलिंग: वाळूच्या सपाटीवर, जिथे मागे भोवरा नाही आणि वारा थोडा कमी आहे, तिथे विंग डोक्यावर उभी करून तासभर नुसती धरून ठेवायची. पुढे पडू द्यायची नाही, मागे जाऊ द्यायची नाही, एका बाजूला कलली तर स्वतः तिच्याखाली सरकायचं. उडणं पायांनी शिकायचं असतं ते इथे. हरमलला भेट देणाऱ्याने कड्यावरच्या विंगा बघाव्यातच, पण वाळूवर घामाघूम होऊन विंगेशी झटणारा पायलटही बघावा. त्या झटापटीत जास्त शिकायला मिळतं.

वाऱ्यापुढे थांबणं फक्त कापडी विंगेच्या वाट्याला येतं असं नाही. छोट्या विमानांचंही तेच. दोन आसनी सेस्ना १५२ आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवली आहे ती बारा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरपर्यंत. चार आसनी सेस्ना १७२ पंधरा नॉटपर्यंत, म्हणजे अठ्ठावीसपर्यंत. वारा वायव्येचा आणि धावपट्टी पूर्व-पश्चिम असेल तर तीसच्या वाऱ्यातले एकवीस आडवे लागतात. अशा दुपारी विद्यार्थ्याला एकट्याला कोणी सोडत नाही. मोपाला उतरणाऱ्या मोठ्या जेटला मात्र याची फिकीर नसते. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला पायलट परवाना मिळाला, तो जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून, म्हणजे याच अरबी समुद्राच्या वाऱ्यात. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोराने ग्लायडर वर फेकलं जातं, तिथेही दिवसाचा पहिला प्रश्न वाऱ्याचाच असतो. हौशी उड्डाण हा पैशाचा खेळ आहे असं म्हणतात. त्याहून तो संयमाचा खेळ आहे.

समुद्र सोडून पंचवीस-तीस किलोमीटर आत डिचोलीकडे गेलं की हवेचं शास्त्रच बदलतं. इथे कड्यावर चढणारा एकसंध वारा नाही. इथे दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, ज्यांना पायलट थर्मल म्हणतात. डिचोलीत जमिनीचे तुकडे फार वेगवेगळे आहेत: मयेच्या तळ्याचं पाणी, माड-पोफळीच्या बागा, भातशेती आणि त्यांच्या मधेच लोहखनिजाच्या खाणींनी उघडी पाडलेली तांबडी माती. हिरवळ आणि पाणी सावकाश तापतं, उघडी माती भराभर. जिथे हा फरक तीव्र, तिथून हवा उठते. त्या स्तंभात पंख न हलवता गिरक्या घेत चढणाऱ्या घारी दुपारी दिसतात. किनाऱ्यावर तीच घार गिरक्या न घेता कड्याच्या रेषेने सरळ जाताना दिसेल. एकाच पक्ष्याच्या दोन सवयी, हवेच्या दोन जाती. खारा वारा आत सरकत येतो तेव्हा त्याच्या थंड हवेखाली थर्मल मरतात, म्हणून किनाऱ्यावर थर्मल शोधत बसण्यात अर्थ नसतो आणि डिचोलीत त्यांना जास्त वेळ मिळतो.

तरी डिचोलीत पॅराग्लायडिंग रुजलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. टेकड्या लहान, झाडी दाट, विजेच्या तारा जागोजागी, उतरायला मोकळी जागा थोडी आणि किनाऱ्याकडून येणारा वारा डोंगर ओलांडून येताना विस्कटलेला. मयेच्या तळ्याकाठी बंजी जंपिंग आलं, कारण त्याला वारा लागत नाही. उड्डाण पेडण्यातच राहिलं, कारण वारा तिथेच सरळ येतो.

पण पेडण्यातही ते नीट सांभाळलं गेलेलं नाही. १८ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी केरीच्या पठारावरून उडालेलं टँडम पॅराग्लायडर कोसळलं आणि एक पर्यटक तरुणी व पायलट दोघंही गेले. व्यवसायाला परवानगी नव्हती म्हणून आयोजकावर गुन्हा नोंदवला गेला. टँडममध्ये पर्यटक पुढे बसतो, पायलट मागे. पर्यटकाला वाऱ्याबद्दल काही कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. त्याने तो निर्णय पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवलेला असतो. म्हणून हौशी पायलट आणि टँडमवाला यांच्या जबाबदारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हौशी माणूस एक दुपार वाया घालवतो, तेव्हा त्याचं काहीच बिघडत नाही. दर उड्डाणामागे पैसे मिळणाऱ्या माणसाला शनिवारची दुपार वाया घालवणं परवडत नाही, आणि वारा नेमका शनिवारीही चढतो.

केंद्र सरकारने ७ जून २०२२ रोजी राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. बलूनपासून पॅराग्लायडिंग, ग्लायडिंग, स्कायडायव्हिंगपर्यंत अकरा खेळ त्यात येतात. सेवा देणाऱ्या व्यक्ती-संस्थांनी आणि त्यांच्या मुख्य साधनांनी आपापल्या खेळाच्या संघटनेकडे नोंद करावी, अशी त्यात अपेक्षा आहे. हिमाचल प्रदेशाने तर २००४मध्येच स्वतःचे हवाई क्रीडा नियम केले. तिथल्या बीर-बिलिंगला दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाण बंद असतं, कारण त्या दिवसांत तिथली हवा भरवशाची नसते. गोव्याला बंदीचा हा विचार नवा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याची शिस्त इथल्या किनाऱ्याने अंगी बाणवली आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सड्यावर घोंघावत येतो तेव्हा पॅराग्लायडरच्या पिशव्याही आपसूक माळ्यावर जातात. प्रश्न आहे तो हंगामातल्या चढत्या दुपारींचा.

त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. केरी आणि हरमल, दोन्हीकडे उड्डाणाच्या जागी एक पक्का खांब, त्यावर वेग आणि दिशा मोजणारं यंत्र, एक विंडसॉक आणि खाली सगळ्यांना दिसेल अशी फळी. विंडसॉक पंधरा नॉटला, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटरला, पूर्ण ताठ होतो. तो ताठ दिसला की तिकीट काढायला आलेल्या पर्यटकालाही प्रश्न विचारता येईल. मागच्या दहा मिनिटांतला सर्वांत मोठा झोत फळीवर आपोआप उमटला पाहिजे, कारण सरासरीचा आकडा फसवतो. ठरलेल्या आकड्याच्या वर झोत गेला की टँडम बंद, मग रांगेत कितीही माणसं असोत. दोना पावलाच्या संस्थेने स्वतः बनवलेली स्वयंचलित हवामान केंद्रं किनाऱ्यावर आधीपासून बसवली आहेत, म्हणजे यंत्र आणि जाणकार दोन्ही गोव्यातच आहेत. पेडण्याच्या सड्यावर अजून तो खांब उभा राहायचा आहे, आणि त्याला जागा देणं पंचायतीच्या आणि पर्यटन खात्याच्या हातात आहे.